भिंतीवरचा रिपोर्ट

त्याला सगळे वस्ताद म्हणत. कुस्तीचा आखाडा त्यानं आयुष्यात लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. पण टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, त्याची जिम होती, दंड सोळा इंचांचा होता आणि आवाज असा, की तो वर "अजून दोन" म्हणून ओरडला की खाली टायरवाला उगाचच आणखी दोनदा हवा भरायचा. एवढ्या भांडवलावर लोक कोणालाही वस्ताद म्हणतात.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकताना त्याचा विसर पडेल. सकाळी शटर स्वतः उघडायचा, रबरी चटया स्वतः पुसायचा, कोणी चुकीच्या पद्धतीनं वजन उचलताना दिसला तर हातातला चहा टाकून धावायचा. शिंप्याचा मुलगा असल्यामुळे मापाची फीत कायम गळ्यात. दर महिन्याला तो प्रत्येकाचा दंड, छाती, मांडी मोजून आकडा मोठ्यानं सांगे, आणि अर्धा इंच वाढला असला तर स्वतःचाच वाढल्यासारखा खूश होई. शाळेत त्याला काडी म्हणत. दहा वर्षं काडी म्हणून काढलेल्या माणसाला, दंडावरचा अर्धा इंच म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जिमच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. वरच्या खणांत प्रोटीनचे डबे, ते सगळ्यांसाठी. खालच्या खणाला कुलूप, आणि आत पुरुषी हार्मोनच्या तेलकट औषधाच्या बाटल्या, सुया आणि दोनतीन प्रकारच्या गोळ्या. हे शास्त्र त्याला प्रोटीन विकणाऱ्या एका एजंटानं शिकवलं होतं, उरलेलं त्यानं मोबाईलवर वाचलं होतं. आठवड्याला एवढं इंजेक्शन, छाती दुखरी झाली तर ही गोळी, तोंडावर पुरळ आलं तर ती, झोप उडाली तर मात्रा जरा खाली. या सगळ्याला तो 'बॅलन्स' म्हणे. "शरीर म्हणजे दुसरं काय, बॅलन्स," असं म्हणत तो बाटली उजेडाकडे धरून बघायचा. पदवी तेवढी नव्हती, बाकी थाट सगळा डॉक्टरचाच. स्वतःही चौतिसाव्या वर्षापासून घेत होता. तोवर त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती आणि नवराबायकोला दुसरं मूल नको होतं, त्यामुळे या औषधानं माणसाचं काय जातं, हे कळायची वेळच त्याच्यावर आली नाही.

जिमचा एक न लिहिलेला नियम होता. खालच्या खणातलं घरी सांगायचं नाही. बायकोला नाही, आईला नाही, घरच्या डॉक्टरलाही नाही. विचारलंच कोणी, तर प्रोटीन. नऊ जण कोर्सवर होते, आणि नऊ घरांत प्रोटीनचं कौतुक चालू होतं.

त्या नऊ जणांत एक त्याचा मेहुणा होता, धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा. साधा, हसरा माणूस, आणि अंगानं इतका बारीक, की लग्नाच्या फोटोत कोटानंच त्याला घातल्यासारखं दिसत होतं. वस्तादानं पहिल्या महिन्यातच त्याला जिममध्ये ओढला. मेहुणा यायचा, मन लावून करायचा, पण दमायचा. लिफ्ट काही घड्याळ बघून अडकत नाही. कधीही फोन यायचा आणि झोपेचं खोबरं व्हायचं. वस्तादाला मात्र यात झोप दिसली नाही, हार्मोन दिसलं. सलग दोन ड्यूट्या करून संध्याकाळी आलेल्या त्या माणसाला तो तसाच लॅबमध्ये घेऊन गेला. रक्तातल्या हार्मोनचा तीनशेच्या वर हवा तो आकडा दोनशे साठ आला. ही तपासणी नीट झोप झाल्यावर सकाळी करायची असते, कमी आली तर पुन्हा एकदा करून खात्री करायची असते, हे वस्तादाला माहीत नव्हतं. किंवा कुठंतरी वाचलं असेल आणि हातात भरलेली सुई असताना ते आठवलं नसेल. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मेहुण्याला पहिलं इंजेक्शन बसलं.

तीन महिन्यांत माणूस ओळखू येईना. खांदे भरले, मान जाड झाली, चालताना दार लहान पडल्यासारखा किंचित तिरका होऊन आत येऊ लागला. पुन्हा तपासणी केली, तर आकडा चौदाशे ऐंशी. वस्तादानं तो रिपोर्ट मोठ्या आरशाशेजारी भिंतीवर चिकटवला. लिफ्टवाला शेवटच्या मजल्यावर पोचला, असा विनोद आठवडाभर चालला. नवीन आलेला माणूस आधी तो कागद वाचायचा आणि मग फी भरायचा.

मेहुण्यानं एकदा कपडे बदलताना हळूच विचारलं होतं, की दादा, खाली जरा लहान झाल्यासारखं वाटतं, असं होतं का. बाकीचं मोठं झालं म्हणून ते लहान दिसतं, असं सांगून वस्तादानं विषय हसण्यावारी नेला. दोघंही पोट धरून हसले होते.

पुढं त्या नवराबायकोनं मूल होऊ द्यायचं ठरवलं. वर्ष गेलं, काही झालं नाही. बहीण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली, आणि नवऱ्याची ड्यूटी असायची म्हणून वस्तादच तिला स्कूटरवरून नेऊ आणू लागला. बाईंनी पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी लिहून दिली होती. मेहुण्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं चौदाशे ऐंशीचा फोटो बायकोच्या मोबाईलवर पाठवला आणि हा दाखव म्हणाला. बाईंनी फोटो बघितला, ही ती तपासणी नव्हे म्हणाल्या, आणि आकडा एवढा वर कसा, ते काही घेतात का, असं विचारलं. बहीण खाली आली आणि स्कूटरवर बसता बसता तिनं दादाला तेच विचारलं.

"प्रोटीन घेतो," वस्ताद म्हणाला.

या एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला असता तर पुढची दोन वर्षं वाचली असती. पण नियम तो नियम, आणि तेव्हा त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. हे 'तेव्हा' लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं कित्येक महिने तो स्वतःची समजूत याच शब्दावर घालत होता.

मेहुणा तपासणीला गेला नाही. आज ड्यूटी, उद्या ड्यूटी. बहिणीला ताणून धरायची चोरी झाली होती. ज्याचा रिपोर्ट भिंतीवर लागतो त्याला असली तपासणी कर म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? मग खापर आपोआप तिच्यावर आलं. सासरच्यांनी फोडलं असंही नाही. तिनंच आपल्या हातानं आपल्या डोक्यावर फोडून घेतलं. गोळ्या झाल्या, पोटात घ्यायची इंजेक्शनं झाली, गर्भनळ्यांची तपासणी झाली. त्या दिवशी ती जिना उतरताना दर पायरीला थांबत होती आणि वस्ताद खालून तिची पर्स धरून बघत होता. औषधांनी तिचं अंग सुजायचं, दुपारी डोकं दुखायचं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची डावी काच तिनं उजवीकडे बसवली. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

वस्तादाला कळलं ते भूगोलाच्या एका मास्तरांमुळे. मास्तर जिममध्ये नवे होते आणि त्यांना खालच्या खणाची माहिती नुकतीच मिळाली होती. भूगोलाचा माणूस, नकाशा बघितल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. चार दिवसांनी ते कागद छापूनच आले. यात लिहिलंय की बाहेरून हार्मोन घेतलं की मूल होण्याची ताकद जाते, ते खरं का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. वस्तादानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. चौदाशे ऐंशी आहेत तिथं, ताकद जाईल कुठं? सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, हा आकडा रक्तातला आहे, मी विचारतोय ते वेगळं आहे.

त्या दुपारी जिम रिकामी असताना वस्तादानं ते कागद वाचले. मोबाईलवर आणखी वाचलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून एका हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेला आणि माझा एक मित्र आहे म्हणून सुरुवात केली. असे मित्र घेऊन रोज चारजण येत असावेत, कारण डॉक्टरांनी मित्राचं नावसुद्धा विचारलं नाही. त्यांनी सरळ समजावलं. रोज बाहेरून डबा यायला लागला की घरातली चूल कोण पेटवतं? तसंच हे. औषधातून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू शरीराला हुकूम देणं बंद करतो. रक्तात आकडा मोठा दिसतो, पण शुक्राणू तयार होतात तिथं चूल थंड. कित्येकांत शून्य. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त, आणि सगळ्यांचंच येतं असं लिहून कोणी देत नाही. शिवाय आपल्या मनानं बंद करायचं नाही. मधल्या काळात माणूस खचतो, त्याला औषध आणि लक्ष दोन्ही लागतं. तुमच्या मित्राला ताबडतोब घेऊन या, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

वस्ताद खाली आला आणि स्कूटरला किल्ली लावून तसाच उभा राहिला. बहिणीचा सुजलेला चेहरा समोर येत होता. त्या दिवशी संध्याकाळीच सांगायचं, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी मेहुणा जिममध्ये आला, त्यानं हसून हात केला, आणि वस्ताद त्याच्या बारला वजनं लावू लागला. उद्या सांगू म्हणाला. मग आठवडा गेला. सांगायचं म्हणजे नऊ घरांत सांगावं लागणार, जिम बंद पडणार, बायको काय म्हणेल, पोलीस येतील का, असे फाटे फुटत गेले. खरं कारण याहून लहान होतं. बहीण त्याला लहानपणापासून फार मानायची, आणि ते त्याला सोडवत नव्हतं.

असे तीन महिने गेले आणि डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. छोटं ऑपरेशन, भूल देऊन. मेहुण्याला नेमकं त्याच दिवशी एका मोठ्या इमारतीचं काम आलं. वस्तादानं तिला पहाटे दवाखान्यात नेलं. नातेवाइकाची सही लागते म्हणून नर्सनं कागद पुढं केला. नातं या रकान्यात त्यानं 'भाऊ' लिहिलं आणि खाली सही केली. हात थरथरत नव्हता, हेच त्याला नंतर सगळ्यांत जास्त खात राहिलं. सांगायचं असेल तर हाच क्षण आहे, हे त्याला कळत होतं. बाई हातमोजे चढवत होत्या. दार बंद झालं. तो बाकावर बसला, दोन तास बसला, आणि एकदाही दार ठोठावायला उठला नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, आत सगळं व्यवस्थित आहे, काही दोष दिसत नाही. अर्धवट शुद्धीत असलेल्या बहिणीनं दादाचा हात धरला आणि तू आहेस म्हणून बरं आहे, असं काहीतरी पुटपुटली. वस्ताद पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

त्यानंतर त्यानं एक गोष्ट केली, आणि तीही चोरूनच. मेहुण्याला काही न सांगता इंजेक्शनाची मात्रा कमी करत आणली आणि दोन महिन्यांत बंद केली. माल येत नाहीये, मध्ये गॅप चांगला असतो, बॅलन्स होतो, असं काहीबाही सांगितलं. त्याला वाटलं, कोणाला न कळता चूल पेटेल, मूल होईल, आणि झालं गेलं सगळं झाकलं जाईल. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं तेवढं तो सोयीनं विसरला.

मेहुणा खचला. आधी ताकद गेली, मग हसणं गेलं. कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोनं काही विचारलं की खेकसायचा, आणि तिच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. आपल्याला काय होतंय हे त्याला कळत नव्हतं, आणि ज्याला कळत होतं तो त्याला आणखी पाच किलो उचल म्हणत होता.

एक दिवस दुपारी बहिणीनं वस्तादाला दुकानात बोलावलं. पुढं मालक गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवत होता. मागच्या छोट्या खोलीत घासायचं चाक फिरत होतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि ती एक काच चाकाला टेकवून, उचलून, पुन्हा टेकवत होती. काम न थांबवताच ती बोलायला लागली. तिनं नवऱ्याला सोडायचं ठरवलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. तो आता तिच्या जवळही येत नाही, तोंडानं बोलत नाही इतकंच, पण त्याच्या मनात काय आहे ते तिला समजलं होतं. त्याला मूल हवंय आणि ते तिच्याकडून होणार नाही. त्याच्यात काही खोट नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग त्या भल्या माणसाचं आयुष्य अडवून कशाला बसायचं? वेगळं व्हायचे कागद तिनं वकिलाकडून आणलेही होते. फक्त आईला सांगायचा धीर होत नव्हता. ते काम तिला दादाकडून करून हवं होतं. हे सगळं तिनं अगदी शांतपणे सांगितलं. वस्ताद स्टुलावर बसला.

"खोट तुझ्यात नाही," तो म्हणाला. "त्याच्यातही नव्हती. मी केली."

तिनं चाक बंद केलं. पाण्याची धार तेवढी चालू राहिली. मग त्यानं सांगितलं. कपाटाचा खालचा खण, संध्याकाळची तपासणी, इंजेक्शनं, चौदाशे ऐंशी म्हणजे काय आणि काय नव्हे, प्रोटीन हा शब्द, गेल्या दोन महिन्यांत मेहुणा का खचला, सगळं. मध्ये अडखळला, पुन्हा सुरू झाला. आपण काय बोलतोय याकडे त्याचं लक्ष नव्हतं, फक्त बोलणं थांबू नये एवढीच धडपड होती. थांबलं की ती बोलणार होती.

तिनं अगदी साधा प्रश्न विचारला.

"तुला कधी कळलं?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हणाला असता तर तिनं विश्वास ठेवला असता. तो शब्द त्याच्या जिभेवर येऊनसुद्धा गेला. पण 'तेव्हा मला ठाऊक नव्हतं' हे वाक्य आठ महिने स्वतःला ऐकवून त्याचा जीव विटला होता.

"आठ महिने झाले," तो म्हणाला.

ती बोटांवर मोजत नव्हती, पण मनात मोजत होती हे दिसत होतं.

"ऑपरेशनला पाच झाले."

"हो."

"तू बाहेर बसला होतास."

"हो."

"सही तू केलीस."

तिनं पाण्याची तोटी फिरवून धार बंद केली, ओले हात पुसले, आणि काच उजेडाकडे धरून कड नीट आली का ते बघितलं. नीट आली नव्हती. तिनं पुन्हा तोटी सोडली, चाक चालू केलं. चार वाजता गिऱ्हाईक येणार आहे, म्हणाली. संध्याकाळी घरी ये आणि त्याला तू सांग, मी सांगणार नाही, एवढं बोलून तिनं पाठ फिरवली. वस्तादाला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, निदान एक थोबाडीत देईल. तसं काही झालं असतं तर त्याला जरा सोपं गेलं असतं. तो पुढच्या दुकानातून बाहेर पडला तेव्हा मालकानं विचारलं, काय वस्ताद, डोळे तपासायचे का, फार लाल दिसतायत.

संध्याकाळी मेहुणा गणवेशातच होता, बाह्यांवर ग्रीसचे डाग. ऐकताना त्यानं पहिल्यांदा दादांचीच बाजू घेतली. दादांनी माझ्या भल्यासाठीच केलं, मीही नको म्हणालो नाही, तुला सांगू नका असं मीच म्हणालो होतो. मग हळूहळू बाकीचं त्याच्या डोक्यात उतरलं. तपासणीला आपण दोन वर्षं टाळाटाळ केली, ते आठवलं असावं. त्यानं बायकोकडे पाहायचा प्रयत्न केला आणि त्याची मान खालीच गेली. उठून तो न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजाआडून दुसराही आवाज येत होता. बहीण दारापाशी जाऊन उभी राहिली. वस्तादाला तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो आपणच निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाकीच्या आठ जणांना एकेकाला बोलावून सांगितलं आणि हार्मोनच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तिघं गेले. दोघांनी तुला काय अक्कल आहे म्हणून शिव्या घातल्या, त्या त्यानं मान खाली घालून खाल्ल्या. उरलेल्यांनी दुसरी जिम धरली, जिथं असले प्रश्न पडत नव्हते. बायकोला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की त्या पोरीला रोज स्कूटरवरून नेताना तुम्ही काय बोलत होता. त्याला काही आठवेना. बहुतेक रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत होते.

वीर्यतपासणीचा रिपोर्ट घ्यायला तिघं गेले. बहिणीनं बोलावलं नव्हतं, वस्ताद आपल्या मनानं गेला आणि दवाखान्याच्या बाकाच्या टोकाला बसला. मेहुणा आणि बहीण आत गेली. बराच वेळ लागला. मेहुणा आधी बाहेर आला आणि कोणाकडे न बघता औषधाच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. मग बहीण आली. तिनं कागद वस्तादाच्या हातात दिला. शुक्राणू शून्य. खाली बाईंच्या अक्षरात हार्मोनच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी होती. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग पुन्हा तीन महिन्यांनी. परत येतील असं बाई म्हणाल्या होत्या, पण कधी ते सांगितलं नव्हतं. बहिणीचं वय त्यांनी कागदावर दोनदा गोल करून ठेवलं होतं.

"माझं चुकलं," वस्ताद म्हणाला. गेल्या काही दिवसांत हे तो इतक्यांदा म्हणाला होता, की त्याचं त्यालाच ते पोकळ वाटलं.

बहीण त्याच्या शेजारी बसली. दुकानातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच ती त्याच्या इतक्या जवळ बसली होती. क्षणभर त्याला वाटलं, आता ती जाऊ दे म्हणेल. ती समोर रांगेतल्या नवऱ्याकडे बघत होती. त्याचे खांदे अजून भरलेलेच होते, पण तो लग्नाच्या त्या फोटोतल्यापेक्षाही बारीक दिसत होता.

"बाईंनी शून्य म्हटलं ना," ती म्हणाली, "तेव्हा हा माझ्या शेजारी बसून थरथरत होता. आणि मला हायसं वाटलं. आत कुठंतरी अगदी मोकळं वाटलं, की चला, मी नव्हते. त्याच्या हातावर हात ठेवायचा सोडून मी मनात सुटकेचा श्वास टाकत होते. मी अशी बाई नव्हते. तुम्ही दोघांनी मला अशी करून ठेवलीत. त्यात त्याला काही माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

वस्तादानं कागद घडी करून तिला परत दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवला आणि उठली. आम्ही बसनं जाऊ, तू थांबू नकोस, असं ती म्हणाली. मग रांगेत नवऱ्याच्या मागं जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

वस्ताद बाकावर बसूनच होता. रांग पुढं सरकत होती.